सेन्सरखालची पुंगळी

गाडीच्या धुरातलं मला जितकं कळतं तितकं लातुरात फार थोड्या लोकांना कळत असेल. ही फुशारकी नाही. कळत नसतं तर बरं झालं असतं, असंच गेली काही वर्षं वाटतं. ज्याला कळत नाही तो चुकला तर लोक त्याला सोडून देतात, आणि तोही स्वतःला सोडून देतो. माझी ती सोय राहिली नाही.

मी मूळचा नांदेडचा. बारावी सायन्सला गणितात आपटलो आणि वडिलांनी दुसऱ्याच दिवशी मला एका गॅरेजात नेऊन उभं केलं. तिथले उस्ताद गाडी उघडण्याआधी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचे. काजळी कोरडी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, तेलकट असेल तर इंजिन ऑइल पितंय, तपकिरी असेल तर गाडी ठीक. मग वाकून वास घ्यायचे. "नाक संभालो मियाँ, तंबाखू छोडो," असं मला सांगायचे आणि स्वतः गालात तंबाखूची गोळी धरून बसायचे. त्यांचं निदान मात्र कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

भूकंप झाला तेव्हा मी विशीत होतो. किल्लारीकडं धान्य, घोंगड्या, पत्रे घेऊन जाणाऱ्या जीपा आणि टेम्पो रस्त्यात बंद पडायचे. उस्तादांनी मला हत्यारांची पेटी दिली आणि आठ दिवसांसाठी लातूरला पाठवलं. ते आठ दिवस अजून संपायचे आहेत. गाड्या येतच राहिल्या, मी दुरुस्त करतच राहिलो, आणि वर्षभरात माझं स्वतःचं पत्र्याचं शेड उभं राहिलं. तिकडं गावंच्या गावं पडली आणि इकडं माझा धंदा उभा राहिला, हे मी कुणापुढं बोलत नाही. पण खरं तेच आहे.

त्या काळात ज्या घरात भाड्यानं राहायचो, तिथल्या घरमालकीणबाईंनी भूकंप ओळखायची एक युक्ती केली होती. कपाटावर पितळी डबा, डब्यावर तांब्या उपडा, आणि तांब्याच्या बुडावर स्टीलचा पेला. जमीन हलली की पेला खाली पडणार, आवाज होणार, आणि सगळ्यांनी बाहेर पळायचं. तेव्हा घरोघरी असलं काहीतरी असायचंच. पण घर होतं हमरस्त्याला. उसाचा ट्रॅक्टर गेला तरी पेला पडायचा आणि आम्ही सगळे अंगणात. महिनाभर असं चाललं. मग घरमालक वैतागले आणि त्यांनी लाख वितळवून पेला तांब्याला चिकटवून टाकला. त्यानंतर बाई रोज त्या उतरंडीवरची धूळ पुसायच्या आणि "पडला न्हाई बरं का आज," असं समाधानानं सांगायच्या. आम्ही सगळे हसायचो. मी सगळ्यात जास्त हसायचो.

पुढं गाड्या बदलल्या. कार्ब्युरेटर गेला, कॉम्प्युटर आला. माझ्याबरोबरीच्या मिस्तऱ्यांनी कपाळाला हात लावला. मी मात्र औरंगाबादला जाऊन शिकून आलो. बारावीत जे डोक्यात शिरलं नाही ते इथं सरळ शिरलं. गाडीच्या धुराच्या नळीत स्पार्क प्लगसारखा दिसणारा एक सेन्सर बसवलेला असतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो हुंगतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. ऑक्सिजन जास्त उरला तर पेट्रोल कमी पडलं, कमी उरला तर पेट्रोल जास्त झालं. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, सेकंदाला कितीतरी वेळा. धूर पुढं एका जाळीच्या डब्यातून जातो. त्या डब्यात त्यातलं विष कमी होतं. नंतरच्या गाड्यांत डब्याच्या पलीकडंही दुसरा सेन्सर आला. डबा आपलं काम करतोय की नाही, एवढंच तो बघतो. नसेल करत तर समोर ड्रायव्हरपुढं पिवळी लाइट लागते.

लाइट लागली की लोक म्हणतात, सेन्सर गेला. सेन्सर सहसा जात नाही. तो बिचारा जे दिसतं ते सांगत असतो. नवा सेन्सर घालण्याआधी त्याच्या मागचा पाइप बघावा. इंजिनाला धुराची नळी जिथं जोडलेली असते तिथलं पॅकिंग जळालं असेल तर फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त, म्हणजे पेट्रोल कमी. कॉम्प्युटर बापडा पेट्रोल ओतत राहतो. गाडी जास्त पिते, धूर जास्त विषारी होतो, महिन्या-दोन महिन्यांत जाळीचा डबा खराब होतो. आणि त्याच फटीतून धूर बाहेरही येतो. म्हणून थंड इंजिन चालू करून कान द्यायचा, टिक टिक ऐकू येते का. जोडावर काजळी धरलीय का ते बॅटरीच्या उजेडात बघायचं. तिथं हाताला लागेल तो चिकट मसाला भरायचा नाही, त्याच्या वाफेनं सेन्सर मरतो. हे सगळं मी चारचौघांना शिकवलंय. माझ्या पोरीला तर ती पाचवीत असतानाच शिकवलं होतं.

ती शाळा सुटली की शेडमध्ये यायची, टायरवर बसून दप्तर उघडायची आणि अभ्यास सोडून माझ्याकडं बघत बसायची. प्रश्न फार विचारायची. तिनंच एकदा माझ्या टेबलावरची बरणी उचलून विचारलं, "पप्पा, हे काय हाय?" बरणीत पुंगळ्या होत्या. लेथवाल्याकडून करून आणलेल्या, अंगठ्याएवढ्या, आतून पोकळ. पलीकडचा सेन्सर काढायचा, मध्ये पुंगळी बसवायची, तिच्यावर सेन्सर. सेन्सर धुराच्या वाटेपासून बाजूला सरकतो, त्याला फारसं काही कळत नाही, लाइट विझते. जाळीचा डबा बदलायला लोक तयार नसायचे, आणि लाइट गेली की गाडी दुरुस्त झाली असं समजायचे. सगळे मिस्तरी हेच करत होते. मी तिला समजावून सांगितलं, तर म्हणाली, "म्हंजे सेन्सरला गप बसवायचं." मी हसलो आणि ही गंमत महिनाभर गिऱ्हाइकांना सांगितली.

एव्हाना लातूरचं सगळं रूपच पालटलं होतं. पूर्वी डाळीच्या नावानं ओळखलं जाणारं गाव आता क्लासच्या नावानं ओळखलं जात होतं. गल्लोगल्ली क्लास, क्लासशेजारी होस्टेल, होस्टेलखाली मेस, मेसशेजारी झेरॉक्स. चौकाचौकात पोरापोरींचे हसरे फोटो आणि खाली मार्क. जळकोट, देगलूर, पार माहूरकडनं पोरं यायची, पत्र्याची पेटी आणि आईनं दिलेला चिवडा घेऊन. ज्यांचे फोटो लागले नाहीत ती कुठं गेली, हे त्या फलकांवर कुठंच लिहिलेलं नसायचं. मला तेव्हा हा प्रश्न पडला नाही. माझ्या पोरीचा फोटो कुठल्या चौकात लागेल याचाच मी विचार करत होतो.

तिला दहावीला चांगले मार्क पडले होते. मी एका मोठ्या क्लासच्या व्हॅन सांभाळायचो. होस्टेलमधल्या आणि रिंग रोडपलीकडच्या मुलींना क्लासला आणणाऱ्या-नेणाऱ्या त्या व्हॅन. क्लासचे सर माणूस गोड. मला म्हणाले, "मिस्तरी, तुमची पोरगी म्हणजे आमचीच पोरगी. डॉक्टर करून देतो तुम्हाला." आणि तिला चांगल्या बॅचमध्ये बसवलं. मी फुगून गेलो. मी बारावी नापास, माझी पोरगी डॉक्टर. घरात, शेडमध्ये, नांदेडच्या नातेवाइकांत, दुसरा विषयच उरला नाही. तिला स्वतःलाही डॉक्टर व्हायचं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं कुणी असं समजू नये की ती माझ्यासाठी शिकत होती.

ती बारावीत गेली त्या पावसाळ्यात, ती ज्या व्हॅननं क्लासला जायची तिची पिवळी लाइट लागली. ड्रायव्हर दुपारी गाडी घेऊन आला. मी स्कॅनर लावला. पलीकडचा सेन्सर सांगत होता की जाळीचा डबा काम करत नाही. एवढ्यावर थांबायचं नसतं. मी पुढचे आकडे पाहिले. कॉम्प्युटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल ओतत होता. म्हणजे डबा उगाच खराब झालेला नव्हता, त्याच्या मागं काहीतरी होतं. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलायची, झाकण काढायचं, कान द्यायचा, बॅटरी मारायची. अर्ध्या तासाचं काम.

मी सरांना फोन केला. "गाडी उद्यापर्यंत राहू द्या सर, खोलून बघतो." सर म्हणाले, "आत्ता ॲडमिशनचे दिवस आहेत मिस्तरी, पालक येऊन राहिलेत. दोन वाजता दुसरी बॅच आणायची. ती लाइट तेवढी घालवा, बाकीचं सुट्टीत बघू." आवाज गोडच होता. ड्रायव्हर शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता.

मी बरणीतून पुंगळी काढली. दहा मिनिटांत लाइट गेली. ड्रायव्हर "वा उस्ताद" म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. सरांना नाही म्हटलं असतं तर ते गाडी दुसऱ्या कुणाकडं घेऊन गेले असते, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण तेव्हा मनात तेही नव्हतं. तेव्हा फक्त एवढंच होतं की सरांची मर्जी जाऊ नये.

दोनेक महिन्यांनी पोरीचं डोकं दुखायला लागलं. क्लासला पोचली की जडशीळ व्हायची, मळमळायचं, पहिल्या तासाला झोप यायची. घरी यायची तेव्हा चेहरा उतरलेला. चष्म्याच्या डॉक्टरांनी डोळे ठीक सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी "परीक्षेचं टेन्शन" म्हणून गोळ्या दिल्या. लातुरातल्या डॉक्टरांना हे टेन्शन इतकं पाठ झालंय की पोरीनं तोंड उघडायच्या आत त्यांची चिठ्ठी लिहून होते. बायकोनं मीठमिरच्या उतरवल्या. सर म्हणाले, "त्या व्हॅनमधल्या चार-पाच जणींचं हेच चाललंय. टेस्ट जवळ आली की यांची डोकी दुखतात. एकीचं बघून दुसरी."

एकाच व्हॅनमधल्या चार-पाच जणी. हे वाक्य मी माझ्या या कानांनी ऐकलं आणि मान डोलावली.

दिवाळीत आम्ही नांदेडला गेलो. तिथं आठ दिवस तिचं डोकं एकदाही दुखलं नाही. भावंडांत खेळली, भरपूर जेवली, रात्रीची पुस्तकं घेऊनही बसली. मी बायकोला म्हणालो, "बघ, क्लास नसला की कसं डोकं दुखत न्हाई." बायकोलाही ते पटलं. लातूरला परत आलो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मग मात्र मला राग आला. पोरगी कामचुकार निघाली, असा शब्द माझ्या मनात आला, आणि मनातच राहिला नाही.

थंडी पडली. व्हॅनच्या काचा बंद राहू लागल्या. एका संध्याकाळी ती शेडमध्ये आली आणि दप्तर खांद्यावर तसंच ठेवून म्हणाली, "पप्पा, त्या व्हॅनमधी धुराचा वास येऊन राहिलाय. मी पुढच्या सीटच्या मागं बसते ना, तिथं लई येतो. एकदा बघता का?"

मी कुठल्याशा डॉक्टरांच्या गाडीत डोकं घालून होतो. वर न बघता म्हणालो, "जुनी गाडी हाय. वास येणारच. तू अभ्यासाचं बघ, गाडीचं मला कळतंय."

ती मान डोलावून म्हणाली, "हाव." आणि घरी गेली. त्यानंतर तिनं वासाचं नाव काढलं नाही. डोक्याचंही नाही. मला वाटलं, सुधारली.

प्रवेश परीक्षेत तिला फार कमी मार्क पडले. निकालाच्या दिवशी ती रडली नाही. तिचं न रडणंच मला जास्त टोचलं आणि मी नको ते बोललो. तुझ्यापायी सरांपुढं मान खाली गेली, असलं काहीबाही. आणखी एक वर्ष देऊ, असंही म्हणालो. ती म्हणाली, "नको पप्पा. माझं डोकंच चालत न्हाई." स्वतःला ढ ठरवून ती बी.एस्सी.ला गेली. त्या वर्षी त्या क्लासचे फलक चौकात लागले, पहिल्यापेक्षा मोठे.

त्यानंतर महिनाभरात ती व्हॅन क्लचच्या कामाला आली. क्लचसाठी पुढची सीट उचलावी लागली. झाकण काढलं आणि बॅटरी मारायचीही गरज पडली नाही. इंजिनाच्या जोडावर काजळीचा जाड थर होता. पॅकिंग एका बाजूनं जळून गेलं होतं. वरच्या झाकणाचं रबर हात लावताच भुगा होऊन पडलं. म्हणजे धूर फटीतून वर, झाकणातून आत, आणि सरळ पुढच्या सीटच्या मागं बसणाऱ्या पोरीच्या तोंडावर. वास येतो तो कच्च्या पेट्रोलचा. त्याच्याबरोबर जो वायू येतो त्याला वास नसतो. तो रक्तात भिनतो, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. औरंगाबादच्या त्या वर्गात मी हेच वहीत उतरवून घेतलं होतं, अधोरेखित करून.

मी पॅकिंग बदललं, रबर बदललं, पुंगळी काढून फेकली, सरांना सांगून जाळीचा डबा नवा टाकला. काय झालं होतं ते सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. "मिस्तरी, काय जादू केली? व्हॅनचा ॲव्हरेज एकदम वाढला की." मी "हाव सर" म्हणालो.

त्या धुरामुळंच तिची परीक्षा गेली असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. मीही नाही. हजारो पोरं नापास होतात आणि त्यातली बहुतेक शुद्ध हवेत बसून होतात. ही पळवाट मला पाठ आहे. तिच्यातून मी रोज जातो आणि रोज परत येतो, कारण "वास येतो, एकदा बघता का" एवढंच तिनं मागितलं होतं. बाकी सगळ्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं आणि मी बघितलं नाही.

आता ती देगलूरला शाळेत विज्ञान शिकवते. नवराही शिक्षक आहे, संसार बरा आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. जुनी गाडी घेतलीय, पिवळी लाइट लागलीय, तिथला मिस्तरी म्हणतो सेन्सर बदला. मी हत्यारं घेऊन गेलो. सकाळी तिच्या दारात बॉनेट उघडलं. ती बॅटरी घेऊन शेजारी उभी राहिली आणि लहानपणी शिकवलं होतं तसं म्हणाली, "आधी जोड बघा पप्पा. सेन्सर उगाच बोलत न्हाई."

तिथं मला राहवलं नाही. हातात पाना तसाच धरून मी तिला सगळं सांगितलं. सरांचा फोन, पुंगळी, काजळी, रबर, आणि तिच्याशी जे बोललो होतो तेही. ती चिडेल, रडेल, निदान घरात निघून जाईल, असं वाटलं होतं. इतकी वर्षं त्याचीच धास्ती होती. कदाचित म्हणेल, जाऊ द्या पप्पा. खरं सांगायचं तर तेच ऐकायला मी आसुसलो होतो.

तिनं बॅटरी बंद केली.

मग म्हणाली, "आमी नऊ जणी असायचो त्या व्हॅनमधी. बाकीच्या आठ जणींना सांगितलं का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"का?"

इतक्या वर्षांत त्या आठ जणी माझ्या मनात एकदाही आल्या नव्हत्या. कुणी जळकोटची असेल, कुणी याच देगलूरची, आपलं डोकंच चालत नाही असं समजून कुठंतरी दिवस काढत असेल. त्यांच्यातल्या एकीचंही नाव मला माहीत नव्हतं. व्हॅनचा नंबर मात्र आजही तोंडपाठ आहे.